भोंग्यानंतरचा तास

भोंगा तीनदा वाजला की एक तास थांबायचं, मग धरणाचे दरवाजे उघडायचे. नदीकाठच्या माणसांना हे गणित तोंडपाठ आहे, आणि माझ्या बाबांना जरा जास्तच. भोंगा ऐकून बाकीचे नदीपासून लांब पळतात. बाबा नदीत उतरतात. पाण्यातला पंप सोडवून दोराने वर ओढायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. उरलेली वीस मिनिटं ते पळालेल्यांची टिंगल करतात. "माझी लेक वर बसलीये. स्वतः पायऱ्या उतरून पट्टी बघते. तास म्हणजे तास!"

पट्टी म्हणजे धरणाच्या भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी. तिच्या शेजारून पायऱ्या पाण्यात उतरतात, आणि पावसात त्यांच्यावर इतकं शेवाळ चढतं की पाय टेकवताना जीव मुठीत धरावा लागतो. वर कंट्रोल रूममध्ये मात्र आकडा बसल्या जागी दिसतो. एका उभ्या पाइपात फ्लोट तरंगतो, पाण्याबरोबर वरखाली होतो, आणि पातळी पडद्यावर येते. तरीही दर तासाला खाली जाऊन तो आकडा पट्टीशी ताडून बघायचा, असा नियम आहे. त्या दिवशी मी गेले नाही. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

बाराला पडद्यावर एकसष्ट मीटर वीस. एकला तेवढंच. दोनलाही तेवढंच. मी तिन्ही वेळा रजिस्टरात आकडा लिहिला, पुढच्या 'पट्टी पाहिली' या रकान्यात सही ठोकली आणि चहा प्यायले. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. तीनला पुन्हा तोच आकडा लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. एवढ्या पावसात पाणी चढत कसं नाही?

मी धावत खाली गेले. फार उतरावंच लागलं नाही. सकाळी वरून विसाव्या पायरीवर असलेलं पाणी पाचव्या पायरीवर आलं होतं. फ्लोट पाइपात कुठेतरी अडकून बसला होता.

वर येऊन सवयीने आधी भोंगा वाजवला. तीनदा. मग साहेबांना फोन लावला.

"पाचव्या?" साहेब ओरडले. "तास-बिस विसरा. बांध मातीचा आहे. एकदा पाणी त्याच्यावरून गेलं की धरणच जाईल, मग खालचं एक घर उरणार नाही. आत्ता उघडा."

फोन ठेवला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोंगा वाजवून मीच बाबांना नदीत पाठवलं होतं. दरवाजे उघडले की पंचवीस मिनिटांत पाणी आमच्या गावात.

बाबांचा फोन आईने उचलला. भिजू नये म्हणून ते तो घरीच ठेवतात.

"आई, बाबा कुठेत?"

"कुठे म्हणजे? तुझा भोंगा झाला ना, गेले पंपाला. तास आहे की अजून."

"तास नाहीये आई! आत्ता उघडतोय. त्यांना वर बोलव!"

तिने फोन बंदही केला नाही. दार आपटल्याचा आवाज आला, आणि मग फोनमध्ये फक्त आमच्या पत्र्यावरचा पाऊस. आता दोघंही नदीवर होते.

मेकॅनिक काका दरवाज्यांच्या बटणांपाशी उभे होते. "मॅडम, उघडू?"

"दहा मिनिटं, काका."

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "पाचवी पायरी गेली."

"उघडा," मी म्हणाले. मीच म्हणाले, कुणावर ढकलणार?

साखळ्या करकरल्या, जमीन थरथरली. मी भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. असं कुठल्याही नियमात नाही, पण न थांबणारा भोंगा ऐकून तरी बाबांना काहीतरी बिनसलंय हे कळावं. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. आईला गुडघ्यांमुळे धड चालता येत नाही, ती चिखलात घसरली तर? बाबा एक नंबरचे हट्टी, दोर सोडतील का? बोट बधिर झालं तेव्हा दुसरं लावलं. पंचवीस मिनिटं झाली. पस्तीस झाली. काका माझ्याकडे बघायचं टाळत होते.

पावणेपाचला फोन वाजला. मी बटण सोडलं आणि तो उचलला.

"आहोत," बाबा म्हणाले. "दोघंही. तुझा भोंगा थांबेना आणि काठावरून तुझी आई बोंबलत होती. सोडला दोर. पंप गेला."

मी रडायलाच लागले.

"रडू नकोस. यंत्रबिंत अडकलं असेल. यंत्रच ते, अडकायचंच." ते दम खात होते. "तू पट्टी बघितली होतीस ना?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. रजिस्टरात माझ्या सह्या होत्या.

"नाही, बाबा. बारापासून खाली गेलेच नव्हते."



"फोन आईकडे देतो," ते म्हणाले.