खंडेनवमीचा अंगठा

मी एक जुना हजेरीचा डबा आहे. कागदोपत्री माझे नाव बरेच लांबलचक आहे, पण भोपाळमधल्या सोनागिरीजवळच्या ह्या वर्कशॉपमध्ये मला सगळे डबाच म्हणतात. फाटकाशी भिंतीवर मी अकरा वर्षे टांगलेला आहे. माझ्या काचेवर अंगठा ठेवला की मी हिरवा दिवा लावतो आणि 'हजर' अशी नोंद करतो. मित्रांनो, मला एवढेच येते.

मला खोक्यातून काढून भिंतीवर लावले, तेव्हा पहिला अंगठा ठेवला तो श्रीकांत पोहनकरांनी. ते लेथवर काम करत. मूळचे वर्ध्याचे, वडिलांच्या नोकरीमागे भोपाळला आलेले. लोखंडावर घासून घासून त्यांचा अंगठा पार गुळगुळीत झाला होता, त्यामुळे मी तीन-तीनदा लाल दिवा लावायचो. दुसरा कोणी असता तर मला थापड मारली असती. ते मात्र अंगठा शर्टाला पुसत आणि म्हणत, "घे रे बाबा, ओळख. मीच आहे." मला त्यांचा फार लळा लागला. मालक माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, "हा डबा कधी खोटं बोलत नाही." तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून जायचो. मूर्खच होतो मी.

मागच्या वर्षी कामे आटली. सात जणांना घरी बसवले, त्यांत श्रीकांतराव होते. एका योजनेतून त्यांना बेकारी भत्ता मंजूर झाला आणि घराची चूल त्यावर चालू लागली. अट एकच होती, त्या काळात एक दिवसही काम करायचे नाही. काम निघाले तर परत बोलावू, ह्या आशेने हजेरी सांभाळणाऱ्या मंजूषाताईंनी त्या सातांची नावे माझ्यातून काढली नव्हती.

मग खंडेनवमी आली. इथले बाकीचे लोक यंत्रांची पूजा विश्वकर्मा जयंतीला करतात. श्रीकांतराव पडले विदर्भाचे, त्यांची पूजा खंडेनवमीला. बावीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि नोकरी गेली म्हणून लेथ काही परका झाला नव्हता. झेंडूची फुले आणि हळदकुंकू घेऊन ते फाटकातून आत आले आणि निव्वळ सवयीने त्यांनी माझ्यावर अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला. दीड महिना हाताला काम नव्हते ना, अंगठ्याच्या रेषा परत उमटल्या होत्या. मला इतका आनंद झाला, की मी लगेच लिहून टाकले, हजर.

वीस मिनिटांत लेथची पूजा उरकून ते निघाले. जाताना माझ्यापाशी थांबले. "तूही हत्यारच की रे," असे म्हणून त्यांनी माझ्या काचेवर कुंकवाचे बोट ओढले आणि डोक्यावर एक फूल ठेवले. आजवर मला कोणी पुजले नव्हते. मग त्यांनी बाहेर जाण्याचा अंगठा ठेवला, पण कुंकवातून मला काही दिसले नाही. दिवा न बघताच ते गेले. बाहेर गेल्याची नोंद नसली तर पूर्ण पाळी भरली असे धरायचे, हा वर्कशॉपचा नियम. कोणी अंगठा द्यायला विसरला तर त्याचे नुकसान होऊ नये, म्हणून तो केलेला होता.

महिन्याभराने भत्त्याच्या कार्यालयातून तपासनीस आले आणि त्यांनी माझ्यातली यादी काढून नेली. श्रीकांतरावांचा भत्ता बंद झाला. खोटे लाभार्थी म्हणून त्यांचे नाव कार्यालयाच्या फलकावर लागले.

फेरतपासणीला सगळे माझ्यासमोरच उभे होते. "साहेब, मी पूजेला आलो होतो," श्रीकांतराव म्हणाले. "मी स्वतः प्रसाद खाल्ला. लिहून देते," मंजूषाताई म्हणाल्या. तपासनीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळ चोळले आणि म्हणाले, "पोहनकरजी, मैं मानता हूँ. पर फॉर्म में पूजा का कॉलम नहीं है. और मशीन झूठ थोड़ी बोलेगी."

मित्रांनो, मी दोन हातांवर होतो. सगळे मला ठाऊक होते. पण मला तोंड नाही. एक हिरवा दिवा आणि एक लाल, एवढीच माझी भाषा. त्या सातांतला आशय नावाचा एक जण रोज दुसऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला जात होता. तिथे माझ्यासारखा डबा नव्हता, म्हणून त्याचा भत्ता चालू राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

ह्या खंडेनवमीला श्रीकांतराव पुन्हा आले, पण फाटकाबाहेरच थांबले. फुलांची पुडी त्यांनी मंजूषाताईंच्या हातात दिली. "आत या ना, दादा," ताई म्हणाल्या. "नको. तुम्हीच वाहा लेथला," ते म्हणाले. बोलताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मला फार वाईट वाटले.

आता माझ्या काचेवर धूळ बसली आहे आणि लवकरच माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे. जाण्याआधी एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, नियम कराल, ते पाळायलाही लावाल. जरूर लावा. पण माझ्यासारख्याच्या एका नोंदीवर कोणाला खोटे ठरवू नका. मी फक्त अंगठा ओळखतो. माणूस कशासाठी आला होता, ते त्यालाच विचारावे लागते, आणि त्याने सांगितले तर ते लिहायला जागा ठेवावी लागते. माझ्यात त्या दिवसाची नोंद अजून तशीच आहे. श्रीकांत पोहनकर, हजर. बाहेर गेल्याची वेळ रिकामी आहे.