बिनआवाजाची सायकल

"बसा तर खरं, काका. नुसतं सीट दाबून काय कळणार? आंबा आहे का तो?"

दुकानदार उन्मेष हसत म्हणाला, तसा ज्ञानूनं सीटवरचा अंगठा काढून घेतला. तरी तो बसेना. त्याची नजर सायकलच्या मधल्या दांड्यावर होती. दांडा सरळ नव्हता. खाली उतरून पायडलापाशी टेकला होता.

"ही बायकांची हाय."

"आता असं काही नसतं, काका. पाय उचलून टाकायला नको, म्हणून असा दांडा. तुमच्या कमरेला हीच बरी."

"आबा," मागं उभी असलेली त्याची लेक राजनंदिनी म्हणाली, "बायकांची कंबर आन बाप्यांची कंबर येगळी नसती. रोज दवाखान्यात बघत्या मी."

ती नर्स होती. आठवड्यापूर्वी फटफटीला किक मारताना ज्ञानू गल्लीतच खाली बसला, तेव्हा तिनंच त्याला उचलून डॉक्टरांकडं नेलं होतं. मणका सरकला होता. पुन्हा किक मारलीत तर अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते ज्ञानूला समजायला दोन वेळा सांगावं लागलं. मोटरसायकलशिवायचा ज्ञानू ही कल्पना त्याच्या स्वतःच्याच डोक्यात शिरत नव्हती. आठवडाभर किक राजनंदिनीच मारून देत होती.

शेवटी तो बसला. आणि बसल्याबसल्या त्याच्या चेहऱ्यावरच्या घड्या उलगडल्या. हँडल उंच, त्यामुळं पाठ ताठ. सीट घोंगडीच्या घडीसारखी रुंद, खाली जाड स्प्रिंगा. चेन पुरती डब्यात झाकलेली. विजार काळी व्हायची भीती नाही की चिखल शिरायची. गिअरची भानगड नव्हती. टायर जाड, मागं दुधाचे कॅन बांधायला दणकट कॅरिअर.

"तेलपाणी?"

"वर्षातनं एकदा मला दाखवा. बाकी हवा भरा आणि विसरा."

"आन आवाज?"

"आवाजच नाही! मांजरासारखी जाते. मागून आलात तर बायको दचकेल."

ज्ञानू दुकानासमोरच्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. येताना त्याच्या सदऱ्यात वारा भरला होता. साठीला टेकलेला माणूस, पण उतरताना घंटी उगाच वाजवली.

"घिऊ या," तो लेकीला म्हणाला. "लई गरीब सायकल हाय."

ज्ञानूचं आयुष्य दोन रस्त्यांत मावेल एवढं. सकाळी मंगळवार पेठेतल्या घरातनं उद्यमनगरच्या फौंड्रीत. तिथं तो सामानाच्या कोठीवर होता. संध्याकाळी घरातनं दूधकट्ट्यावर. कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची, आणि फेसानं भरलेला पेला तसाच हातात द्यायचा. कोल्हापुरात अशा दुधाला पाणी लागत नाही आणि जाहिरातही.

म्हैस त्याची एकच. चांगुणा. काळीभोर, कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका. तिची आई बाळंतपणातच गेली होती. ज्ञानूनं तिला बोटानं दूध चाटवून वाढवलं. तानाबाई, त्याची बायको, धारेला बसली की गुणगुणायची:

*म्हशीच्या डोळ्यांत, सांजचं गं पाणी*
*धनी येती कामावरनी, उभी ऱ्हाती शहाणी.*

चांगुणाला दोर कधी लागला नाही. संध्याकाळी ज्ञानू फटफटीला किक मारायचा, आणि ती आपली आपण दावणीतनं बाहेर येऊन मागं चालू लागायची. मिरजकर तिकटीची गर्दी असो, रिक्षा असो, ती फटफटीच्या मागच्या चाकाला धरून. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवायच्या, तेव्हा तर बघायलाच नको. शिंगं रंगवलेली, पाठीवर नक्षी कातरलेली, गळ्यात घुंगरांची माळ, आणि ज्ञानू सायलेन्सर काढलेली फटफटी पिसाटासारखी पळवतोय. मागं चांगुणा, जिवाच्या आकांतानं. रस्त्याच्या दोन्ही कडेला माणसं शिट्ट्या मारायची. "बघा, ज्ञानूच्या मागनं म्हस कशी पळती!"

एवढी वर्षं सगळे हेच म्हणत आले. त्यात काही चूक असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. ज्ञानूच्या तर नाहीच.

विकलेली फटफटी न्यायला कुरुंदवाडहून अमरसिंह आला. जुन्या गाड्या जमवायचा नादच त्याला. रविवारची सकाळ होती. तानाबाई दारात चांगुणाला धूत होती. राजनंदिनी पाण्याच्या बादल्या देत होती. ज्ञानूनं फटफटीला शेवटचं फडकं मारलं, टाकीवर हात ठेवला, आणि किल्ली दिली.

"किक हळू मारा, पावणं. निम्म्यात ऱ्हाती, मग उचलती."

"काळजी करू नका. लेकरागत ठेवतो."

अमरसिंहनं किक मारली. फटफटी निम्म्यात राहिली, मग उचलली. ठाप्, ठाप्, आणि मग तो मोकळा, फाटका आवाज गल्लीभर. गाडी वळली. निघाली.

चांगुणानं मान वर केली. अंगावरचं पाणी झटकलं. तानाबाईच्या हातातली काथ्याची गुंडी खाली पडली.

"आवं, धरा! म्हस निघाली, धरा तिला!"

ज्ञानू चार पावलं पळत पुढं झाला आणि गल्लीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला. तो निर्धास्त होता. "चांगुणा," तो म्हणाला, रोजच्यासारखा, हलक्या आवाजात. "हो, बाई, हो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. अगदी डोळ्यांत बघितलं. मग विजेच्या खांबाला वळसा घालावा तसा तिनं त्याला वळसा घातला. धक्का दिला नाही. अंगसुद्धा घासलं नाही. आणि फटफटीच्या मागं पळत सुटली.

ज्ञानूचे हात पसरलेलेच राहिले.

कुणी तरी ओरडलं, कुणी तरी हसलं. राजनंदिनी रस्त्यावर धावली. तानाबाई तोंडावर ओला हात ठेवून उभी होती. ज्ञानूला हे सगळं दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरात घडावं तसं. पाडव्याच्या शिट्ट्या, ते रस्ते, त्या सगळ्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोरनं उलट्या जाऊ लागल्या, आणि त्या प्रत्येकीत तो फटफटीवर नुसता बसलेला होता. ओझं म्हणून.

"आबा! सायकल काढा की! हुबं काय ऱ्हायलाय?"

तो सायकलवर बसला. कसा बसला ते त्याला कळलं नाही.

बागल चौकात सगळी वाहनं थांबली होती. मधोमध अमरसिंह फटफटी बंद करून गाडीला चिकटून उभा. चांगुणा मागच्या सीटवर हनुवटी टेकून धापा टाकत होती. तोंडाला फेस.

"पावणं, काय ह्ये!" अमरसिंहचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आरशात बघतोय तर म्हस! जोरात गेलो तर ती बी जोरात! मला गाडी पायजे हुती वो, म्हस नको!"

रिक्षावाले खिदळले. "घिऊन जा की कुरुंदवाडला! एकावर एक फुकट!"

ज्ञानू हसला नाही. त्यानं चांगुणाच्या गळ्यात हात घातला, ओढलं, चुचकारलं, कपाळावरच्या चांदणीवर गाल ठेवला. ती हलली नाही. फटफटीला टेकून उभी राहिली, हा माणूस कोण असं काही न विचारता.

"आसं करू," अमरसिंह हळू आवाजात म्हणाला. रिक्षावाल्यांचं खिदळणं आता थांबलं होतं. "मी गाडी फिरवून तुमच्या दारापत्तूर आणतो. ती यील मागनं. मग तुमी बांधा."

तसंच झालं. पुढं अमरसिंह, त्याच्या मागं चांगुणा, आणि सर्वांत मागं नव्या सायकलवर ज्ञानू. सायकल खरंच आवाज करत नव्हती. वाटेत एकदाही चांगुणानं वळून बघितलं नाही.

तिला साखळीनं बांधलं. मग अमरसिंहनं फटफटी चालू केली नाही. बंद गाडी दोन्ही हातांनी ढकलत तो गल्लीबाहेर गेला, तिकटीच्या पार पलीकडं गेला. आजारी माणसाच्या खोलीतनं पाऊल न वाजवता निघावं तसा.

ज्ञानू उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "तानी, म्हस फटफटीची हुती गं."

तानाबाईनं पदरानं हात पुसले.

त्या संध्याकाळी चांगुणा दावणीतनं हलली नाही. दोर लावला, पेंड दाखवली, ज्ञानू सायकल घेऊन पुढं उभा राहिला, घंटी वाजवली. ती सायकलीकडं बघेचना. घरीच धार काढायला बसावं तर पान्हा सोडेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावरची गिऱ्हाइकं फोन करून विचारायला लागली. राजनंदिनीनं मोबाईलवर कुठल्या तरी फटफटीचा आवाज शोधून लावला, मोठ्यानं. चांगुणानं कान हलवला आणि शेपटीनं माशी हाकलली.

"परक्याची गाडी वळाकती ती," तानाबाई म्हणाली. तानाबाई धारेला बसली होती, पण ओवी निघत नव्हती. रिकामी चरवी तिनं बाजूला ठेवली. "आवं, मनातलं बोलू का?"

"बोल."

"माझा दादा म्हणत हुता, वारणानगरच्या बाजूला द्यावी. मळ्यात ऱ्हाईल. हितं आशी चालंना, खाईना, पान्हा सोडंना. आटून जाईल वो. जनावराचं हाल करून आपुन काय मिळीवणार?"

"कवा यायचं म्हणतोय?"

"उद्या सकाळी, टेंपो घिऊन."

ज्ञानू मुळात बोलका नव्हता. फौंड्रीत त्याला मुका म्हणूनच ओळखायचे. पेठेत कुणी राम राम घातला तर उलटा राम राम, एवढंच त्याचं बोलणं. तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना त्याचा आवाज नीट ठाऊकही नव्हता.

त्यानं सायकल दारातनं बाहेर काढली. कॅन बांधले. चांगुणाची साखळी सोडली. मग सायकलवर बसून, पाठ तिच्याकडं करून, तो थोडा वेळ तसाच राहिला. मान खाली. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तानाबाईला मागनं दिसत होत्या.

"ठाप्," ज्ञानू म्हणाला.

तानाबाई दचकली. "काय वो?"

"ठाप्. ठाप्..."

तो निम्म्यात थांबला, फटफटी थांबायची तसा. मग उचलला. ओठ फडफडवत, घसा खरवडत, छातीतनं. त्यात फटफटीची उचकी होती, सैल मडगार्डाची थरथर होती. एवढी वर्षं तो आवाज त्याच्या मांड्यांतनं, कण्यातनं अंगात मुरला होता, आणि आता तोंडावाटे बाहेर पडत होता. राजनंदिनी स्वयंपाकघरातनं पळत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिला आधी वाटलं आबांना झटका आलाय.

चांगुणाचे कान फिरले. एक, मग दुसरा.

ज्ञानूनं पायडल मारलं. मागं बघायचं धाडस त्याला झालं नाही. गल्ली अर्धी संपली तेव्हा खुरांचा आवाज ऐकू आला. आधी तुटक, मग लयीत.

गल्लीत कॉलेजची पोरं उभी होती. एकानं मोबाईल वर धरला. "आयला, ज्ञानूकाका बघ! गिअर टाक, काका, गिअर!" हशा उसळला. ज्ञानूच्या डोळ्यांत पाणी आलं. धाप लागली होती की लाज, ते त्यालाही सांगता आलं नसतं. थांबणं शक्य नव्हतं. श्वास घ्यायला क्षणभर तोंड मिटलं की मागची खुरं अडखळायची. तो पुन्हा सुरू व्हायचा. ओठ फाटायला आले होते. सायकल मात्र गुळगुळीत चालत होती, एका शब्दानंही त्याच्या मदतीला येत नव्हती.

तिकटीवर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवता वाजवता हात मागं घेतला. पानाच्या टपरीवरची माणसं बोलायची थांबली. हशा कुठं विरला ते कळलं नाही. भर संध्याकाळच्या रस्त्यात एक म्हातारा माणूस बायकांच्या सायकलवर ताठ बसून, तोंडानं फटफटी वाजवत निघाला होता, आणि त्याच्या मागच्या चाकाला धरून एक म्हैस.

तालमीच्या कट्ट्यावर गणपतराव बसले होते. पेठेतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी चष्मा वर केला. ज्ञानू जवळ येईपर्यंत बघत राहिले. मग काठी टेकून उठून उभे राहिले.

"राम राम, ज्ञानू," ते म्हणाले.

ज्ञानूला उत्तर देता आलं नाही. तोंड मोकळं नव्हतं. त्यानं हँडलवरचा एक हात सोडून कपाळाला लावला, आणि पुढं गेला.