आम्ही नऊ की दहा?

मी धुलाईच्या कारखान्यातली सूचनांची पाटी बोलतेय. काहीतरी बिनसलंय हे मला सोमवारी सकाळीच कळलं, कारण मालक माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला चक्क वाचलं. चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत! मी इतकी दचकले की एक टाचणी टुणकन खाली पडली.

एरवी मला कोण वाचतंय? कपाटाचं दार करून उरलेल्या फळीवर सुताराने हिरवं कापड ताणलं आणि माझा जन्म झाला. वाटलं होतं, अंगावर सहलीचे फोटो मिरवीन. मिरवते काय, तर किमान वेतन, कामाचे तास, भरपगारी रजा! राज्य सरकार नियम बदलतं, नवा कागद येतो आणि तो जुन्यावरच टोचला जातो. "जुना काढायचा नाही हं, कुणी विचारलाच तर?" असं मालकांचं म्हणणं. त्यामुळे माझं पोट असं सुटलंय की टाचणी आता कापडापर्यंत पोचतच नाही.

कागद टोचण्याचं काम मालकांच्या पुतणीकडे. नुकतीच पदवी घेतलेली, आणि माझ्यासारखीच घाबरट. पिळायचं यंत्र धडधडलं की आम्ही दोघी एकदमच दचकतो. गिऱ्हाइकं, फोन, हिशेब, घडी घालताना चादरीचं एक टोक, सगळं तिच्याकडेच. पगाराचा विषय निघाला की मालक प्रेमाने म्हणतात, "तू काय परकी आहेस का? घरचीच ना!"

तर सोमवारी मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. जे नियम आधी वीस माणसांच्या जागेला होते, ते आता दहाच्या जागेलाही लागू झाले होते. विश्रांतीची वेगळी खोली, नेमणुकीची पत्रं, आणखी बरंच काही.

मालक बोटं मोजू लागले. "धुणारे चार, इस्त्रीचे तीन, गाडीवाला, घडीवाली... आणि तू. झाले की दहा!"

"काका, मीसुद्धा?"

"मग? तू काय भिंतीवरची पाटी आहेस?"

मला ते लागलं. पण असो.

"घडीवालीला सांग, शनिवारनंतर येऊ नकोस म्हणावं. सगळ्यात नवी तीच. नऊ असलो की कटकट नाही."

घडीवाली चादर घेऊन दारातच उभी होती. याच कामाच्या जोरावर ती दिराच्या घरातून बाहेर पडलीय, स्वतःची खोली घेऊन राहतेय. ती म्हणाली, "काढा की मालक. पण चादरीचं दुसरं टोक कोण धरणार? तुम्ही?"

मालक खोकले.

"आणि काय हो, मोजताना ताई दहावी आणि पगाराला घरची? हे बरंय!"

मालकांनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला पुन्हा वाचायला घेतलं. दिवसातून दोनदा! पुतणी मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

तेव्हापासून ती माझ्याशेजारच्या फोनवरून कामगार कार्यालयाला फोन लावतेय. घरचं माणूस मोजणीत धरायचं का, एवढंच विचारायचंय. नाही धरलं तर आम्ही नऊ, आणि घडीवाली राहते. धरलं तर... पुढचं ती कागदावर लिहिते आणि खोडते. पण धड उत्तर देतंय कोण? कधी ताटकळत ठेवणारी सनई, कधी "साहेब बैठकीत आहेत", कधी "हा विभाग आमच्याकडे नाही."

"अगं सोड," मालक म्हणतात, "नियम करणाऱ्यांनाच नियम पाठ नसतात."

ती सोडत नाही.

मालकलोकहो, एका जाड्या पाटीचं ऐका. मला वाचत जा, रोज वाचा. पण अर्धवट वाचून माणसं वजा करू नका. ज्याला घरचं म्हणता, त्याला एकदा नीट मोजून तर बघा.

आज शुक्रवार. पलीकडे घडीवाली एकटीच चादरीशी झटतेय, मालक उगाच तिथेच घुटमळताहेत. पुतणीने पुन्हा नंबर फिरवलाय. सनई वाजतेय... थांबली.

"कामगार कार्यालय, बोला. मालकांच्या वतीने बोलताय, की तुम्ही कामगार?"