रिकामा हलवू नका

मी झोपाळा बोलतोय. तसं आमच्या सिंधमध्ये मला पींघो म्हणतात, पण इथे नगरला आल्यापासून मी झोपाळाच झालो. नाव बदललं त्याचं दुःख नाही. झुलायचं ज्याचं काम, त्याला जमिनीवर पाठ टेकून पडावं लागलं, ते दुःख मोठं.

माझा जन्म हाला गावचा. तिथल्या कारागिरांनी शिसवी लाकडावर लाल-पिवळ्या लाखेचे पट्टे चढवून मला नवरदेवासारखं नटवलं. जेठीबाई नवी नवरी होऊन शिकारपूरच्या घरात आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने मला तुळईच्या कड्यांना टांगलं. पुढे माझ्यावर बसूनच तिने भाज्या निवडल्या, शेजारणींशी भांडणं केली, मुलगा टेकचंद निजवला. नवरा गेला तेव्हा माझीच साखळी धरून रडली. आमच्याकडे समजच आहे की पींघो जिथे, घर तिथे.

मग देशाची वाटणी झाली. लोक दागिने पोटाशी बांधत होते आणि जेठीबाई मला उतरवत होती. टेकचंद म्हणाला, "अम्मा, जीव वाचवायचा की फळी?" तिने ऐकलं नाही. साखळ्या काढल्या, मला गोधडीत गुंडाळलं. तुळईतल्या कड्या मात्र तशाच ठेवल्या. "परत आल्यावर टांगायला बऱ्या," म्हणाली. चार-सहा महिन्यांत परत जायचंच आहे, अशी तिची खात्री होती. भोळीच ती. पण तेव्हा मलाही ते खरं वाटलं होतं.

कराचीहून बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने नगर. एका लष्करी बराकीत आम्हाला जागा मिळाली. मधे पडद्यासारखं गोणपाट, अलीकडे आम्ही, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. मला विटांवर ठेवलं. माझ्यावर कधी पीठ मळलं, कधी पापड वाळवले. ते पापड घेऊन टेकचंद आगगाडीने काष्टी गावच्या आठवडी बाजाराला जायचा. लोक सुरुवातीला नुसते बघायचे, मग चव लागली तशी हाक मारून घेऊ लागले.

पुढे शहरात एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. छताला चांगली सागवानी तुळई. टेकचंदची बायको पोपटी ती तुळई बघतच राहिली. नाव पोपटी, पण बोलणं अगदी कमी. तिला दिवस गेले होते. आपलं बाळ पींघ्यात निजावं, एवढीच तिची इच्छा. पण सासूपुढे विषय काढायची सोय नव्हती.

एकदा जेठीबाई देवळात गेलेली पाहून पोपटीने शेजारच्या कानिफनाथ सुताराला बोलावलं. त्याने तुळईत नव्या कड्या बसवल्या, मला टांगलं आणि साखळ्या पेलतात का ते बघायला रिकामंच ढकललं. किती काळाने अंगाला वारा लागला! तेवढ्यात दोन आवाज एकदम आले. कानिफनाथची बायको लंकाबाई ओरडली, "अवं, रिकामा झोपाळा हलवू न्हाई!" आणि दारातून, आमच्या भाषेत, जेठीबाई तेच ओरडली. दोघींचे हात एकाच वेळी माझ्या फळीवर पडले. मी थांबलो. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुमच्यात बी हाय व्हय हे?" लंकाबाई म्हणाली.

जेठीबाईला शब्द कळले नसतील, अर्थ कळला. तिने मान हलवली. मला वाटलं, निवळलं आता. पण दुसऱ्याच क्षणी ती सुनेकडे वळली. "उतरव. याच्या कड्या शिकारपूरला आहेत. पींघो दोन घरी टांगत नाहीत."

टेकचंद घरी आल्यावर कानिफनाथ पुन्हा आला. टेकचंदला बाजारातलं मराठी येत होतं, तो मधे दुभाष्या झाला. "आजीस्नी सांगा," सुतार म्हणाला, "लोखंडाच्या कड्या हायेत, त्यांनी काय मुळं धरलीत व्हय? जायचं झालं तर मीच काढून दीन." जेठीबाईने तोंड फिरवलं. मी पुन्हा खाली, भिंतीला टेकून.

बाळ ऐन उन्हाळ्यात जन्मलं. पत्र्यासारखी तापलेली खोली, रडून रडून बाळाचा गळा बसलेला. जेठीबाई त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, वर रिकाम्या कड्या दिसू नयेत म्हणून मान खाली घालून. तिचा हट्ट मला कळत होता. मला इथे टांगलं की शिकारपूरचं घर संपणार होतं, आणि तिथेच तर तिचा नवरा गेला होता.

अशात शिकारपूरचा शेजारी हासोमल आला. तो मागाहून निघाला होता. जेठीबाईने पाणीही न देता विचारलं, "घर?"

"हिंदुस्थानातून आलेले मुसलमान राहतात. तेही आपल्यासारखेच, सगळं गमावून आलेले." तो थोडा घुटमळला. "तुझ्या कड्यांना त्यांनी पाळणा बांधलाय. तान्हं पोर आहे त्यांना."

मला वाटलं, आता जेठीबाई शिव्याशाप देईल. पण ती उठली, चपला घातल्या आणि एकटीच कानिफनाथच्या दुकानात गेली. त्याला हाताला धरून घेऊन आली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मला टांगल्यावर तिने बाळाला माझ्यावर ठेवलं. एक झोका, दुसरा झोका, आणि त्याचा डोळा लागला. तिने पदराने त्याचं कपाळ टिपलं.

"तिकडचंही निजलं असेल आता," ती म्हणाली. पोपटी रडू लागली. जेठीबाई रडली नाही.

आता मी रोज झुलतो. पण जेठीबाई माझ्यावर बसत नाही. बाळापुरतं तिने मला टांगलं, स्वतःपुरतं नाही. खाली चटईवर बसते आणि हाताने झोका देते. पूर्वी तिच्या वजनाने माझी एक साखळी बारीक कुरकुरायची. ती साखळी आता गप्प असते.

जेठीबाई, माझ्या लाखेचे पट्टे उडाले, पण फळी अजून धड आहे. पोर रांगू लागलंय. थोड्या दिवसांनी ते माझ्यावरून उतरून गल्लीत पळेल, लंकाबाईच्या पोरांत खेळून त्यांच्यासारखं बोलायला लागेल. मग मी रिकामा होईन, आणि रिकाम्याला हलवायचं नसतं, हे तुलाच ठाऊक आहे. त्याआधी एकदा तरी येऊन बस.