दोन जावांची शेवयांची मशीन

मित्रांनो, ज्यांच्या घरी उन्हाळ्यात हाताने शेवया होतात, त्यांनी माझ्यासारखी एखादी नक्की पाहिली असेल. लाकडी पाटाला स्क्रूने आवळलेली, वर पीठ घालायला तोंड, बाजूला फिरवायला दांडा, खाली बारीक भोकांची जाळी. मी दिंद्रुड गावची शेवयांची मशीन. माझं आता वय झालं आहे. जे सांगते आहे, त्यातलं काही माझ्यादेखत घडलं, काही माझ्या कानावर आलं.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीने घासलं, वरून कल्हई केली आणि मी परळीच्या एका भांड्यांच्या दुकानात येऊन बसले. दुकानासमोरून वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या जायच्या. मालक मला रोज पुसायचा आणि मी रोज मळायची.

एका चैत्रात दुकानात दोन बायका आल्या. थोरली वच्छलाबाई, धाकटी चंद्रभागाबाई. दोघी सख्ख्या जावा. घरं वेगळी झालेली, पण भिंतीला भिंत लागून. दोघींनी मिळून मला घेतलं आणि एसटीत आळीपाळीने मांडीवर धरून गावी आणलं.

ते माझे कामाचे दिवस. चंद्रभागाबाई दांडा फिरवायची, कारण तिच्या मनगटात जोर होता. वच्छलाबाई गव्हाचं बारीक सपीट मळायची आणि जाळीतून उतरणाऱ्या शेवया हातावर झेलून आडव्या काठीवर टाकायची. तिची शेवई कधी तुटायची नाही. गल्लीतल्या बायका यायच्या, मला नेऊन वापरायच्या आणि परत आणताना सांगायच्या, "लई बारीक पडती हो हिची शेवई!" मला ते आवडायचं. स्तुती कुणाला नको असते?

वच्छलाबाईला एकच मुलगी, संगीता. लहानपणी तिला फिट यायच्या. औषधं झाली, फिट थांबल्या, पोरगी शिकली. मग उमापूरकडचं एक स्थळ आलं. वच्छलाबाईने बोलणी चंद्रभागाबाईला न सांगताच पुढे नेली. धाकटीला ते लागलं. पाहुणे पसंती सांगायला आले, त्या दिवशी स्वयंपाकघरात पाहुण्या बायकांना चहा देताना ती म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. आता फिट बी येत न्हाईत तिला."

एका पाहुणीने विचारलं, "फिट? कसल्या फिट?"

पाहुणे जेवण न करता उठले. चार दिवसांनी नकाराचा फोन आला.

त्या संध्याकाळी वच्छलाबाई भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली. चंद्रभागाबाईही कमी नव्हती. "खरं तेच बोलले मी! खोटं बोलले आसंल तर सांगा!" ती म्हणत राहिली. मी तेव्हा तिच्या ओसरीत होते. वच्छलाबाई आली, मला पाटासकट उचललं, घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं.

माळ्यावर मी बरीच वर्षं पडून होते. माझा दांडा जाम झाला, जाळीच्या भोकांत पीठ वाळून दगड झालं. खालचं सगळं मात्र ऐकू यायचं. संगीता नर्सिंग शिकली, बीडच्या दवाखान्यात कामाला लागली. तिथेच एकाने तिला मागणी घातली. तिने पहिल्याच भेटीत त्याला आपलं लहानपणचं आजारपण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि लग्न केलं. तिचा संसार सुखाचा झाला. तरी दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. गेल्या वर्षीच्या श्रावणात चंद्रभागाबाईचा नवरा वारला. सगळं गाव दारात उभं होतं. वच्छलाबाई दार आतून लावून बसली. पलीकडचं रडणं मला माळ्यावर ऐकू येत होतं. तिलाही येत असणार.

या उन्हाळ्यात संगीता माहेरी आली. घरच्या शेवया न्यायच्या म्हणून तिने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि गल्लीच्या टोकाला शफी मिस्त्रीकडे नेऊन दिलं. ती घरी परतल्यावर काय झालं, हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. ती आईला म्हणाली होती, "माय, उद्या काकूला बोलावते. दांडा तिनंच फिरवावा."

"तिचं नाव काढू नको या घरात."

"लगीन माझं मोडलं व्हतं, तुझं न्हाई. मी कवाच सोडून दिलंय. तू कावून धरून बसलीस?"

वच्छलाबाई उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "तुझं दुखणं मीच लपवलं व्हतं. मला वाटलं, लगीन झाल्यावर सांगू. त्या बायांसमोर मी खोटी पडले गं. त्याचा राग मी तिच्यावर काढत ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी मला आणायला संगीता नाही, वच्छलाबाई आली. शफीने मला रॉकेलमध्ये भिजवून, घासून, तेल देऊन ठेवलं होतं. "मावशी, मशीन बिघडली नव्हती," तो म्हणाला. "नुसती बसून जाम झाली व्हती."

मला कडेवर घेऊन ती निघाली. तिच्या घराच्या आधी चंद्रभागाबाईचं घर लागतं. दारासमोर तिची चाल मंदावली. मग ती वळली आणि मला ओट्यावर ठेवलं. "चंद्रभागा, हाईस का घरात?"

चंद्रभागाबाई बाहेर आली. पांढरं कपाळ, हडकलेले हात. तिने आधी मला पाहिलं, मग जावेला. बसा म्हणाली नाही.

"संगीताच्या वक्ताला तू जे केलंस, ते मी इसरले न्हाई," वच्छलाबाई म्हणाली. "इसरणार बी न्हाई. पर आता त्याच्यावर बसून ऱ्हायचं न्हाई मला. दुखणं लपवलं, ती चूक माझी व्हती. ते बी सांगायला आले."

चंद्रभागाबाईने दाराची चौकट धरली. "मी खरं बोलले आसं लोकायला सांगत ऱ्हायले, आक्का. पर ते सांगायची जागा ती नव्हती. मला इचारलं न्हाई म्हणून जळत व्हते मी. पोरीचं वाटोळं झालं आस्तं." मग तिचा आवाज कडक झाला. "पर हे गेले तवा तुमी दार लावून बसलात. त्यायनी तुमचं काय वाकडं केलं व्हतं? जायच्या आदल्या दिशी बी म्हणले, वयनीला बोलव. ते मला न्हाई सोडता येत."

वच्छलाबाई म्हणाली, "नको सोडू. तुझं बराबर हाय."

ती मला ओट्यावरच ठेवून निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली, मळलेलं सपीट घेऊन. चंद्रभागाबाई काही न बोलता दांडा धरून बसली. तिच्या मनगटात आता जोर राहिला नव्हता. दांडा अडला की वच्छलाबाई पुढे होऊन हात लावायची. पहिल्या शेवया तुटक्या पडल्या. "पानी जास्त झालं," धाकटी म्हणाली. "मीठ कमी हाय," थोरली म्हणाली. दोघींचं त्यावरून चांगलंच वाजलं. संगीता ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, त्या दिवशी सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. संगीता शेवया घेऊन बीडला गेली. वच्छलाबाई मात्र येत राहिली. कधी भाजी निवडायला, कधी नुसती बसायला. काही दिवस चंद्रभागाबाई बोलायची, काही दिवस पाठ फिरवून काम करायची. अशा दिवशी वच्छलाबाई लवकरच घरी निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

श्रावणात वर्षश्राद्ध आलं. वच्छलाबाई पहाटेच आली. चूल पेटवली, पुरण घातलं. चंद्रभागाबाईच्या नवऱ्याला शेवयांची खीर आवडायची, म्हणून तीही केली. नैवेद्याचं ताट वाढून झालं, तेव्हा ती मागे सरकून भिंतीशी उभी राहिली. दिराच्या फोटोसमोर जायची तिची हिंमत होत नव्हती.

चंद्रभागाबाईने ताट उचललं, जावेजवळ आली आणि तिच्या हातात दिलं.

"तुमी ठेवा, आक्का. ते वाट बघत व्हते."

वच्छलाबाईने ताट ठेवलं आणि फोटोसमोर खाली बसली. ती रडली. धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारीच बसून होती.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला घासलं, तेल दिलं की मी एका दिवसात फिरू लागते. माणसांना वेळ लागतो. तुमचं कुणाशी वैर असेल तर आधी स्वतःला विचारा, हा राग नेमका कुणावर आहे? मग ज्याच्याशी वैर आहे, त्याच्या दारात जा. पहिल्या दिवशी तो तोंड फिरवेल. त्याचा तो हक्क आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.