नको असलेले पत्ते

जहाजावरच्या वायरलेसवाल्याला आमच्या ग्रीक बेटावर मार्कोनीच म्हणतात. मला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. कुणाचा फोन रुसला, कुणाची मेल उघडेना, की बोलवा मार्कोनीला. वायरलेसचा आणि मेलचा काय संबंध, हे यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग मीही जातो, आणि वर फुशारकी मारतो.

कलिरोई माझी शेजारीण. नवरा गेलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एकुलता एक मुलगा इसिदोर जहाजावर. बापाच्या मातीला तो आला नाही. जहाज बंदरात उभं होतं, उतरता आलं असतं, पण यानं करार सहा महिन्यांनी वाढवला. तेव्हा कलिरोईनं फोनवर सांगून टाकलं, "आजपासून तुला आई नाही." पोरगाही तिच्याच वळणाचा. तीन वर्षं झाली, फोन नाही, जुना नंबर बंद. बोलून गेल्याचा तिला फार पस्तावा झाला होता. त्याच्या एका ओळीसाठी ती जीव टाकत होती.

म्हणूनच ती येईल ती मेल उघडायची. 'परदेशातून तुमच्यासाठी पत्र आहे, इथे दाबा' असं आलं की ही दाबणारच. तिला मोठी अक्षरं तेवढी दिसत, आणि चोरांची अक्षरं मोठीच असतात. बँकेनं दोनदा तिचं कार्ड बंद केलं. नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर, तिचा फोन आणि बहिणीनं अथेन्सहून पाठवलेला टॅब, तिन्ही दिवसभर टुणटुणत. केसांची तेलं, लॉटऱ्या, लग्नाळू बायका.

"अगं, दिसेल त्याला दार काय उघडतेस?" मी एकदा चिडून म्हणालो.

"आणि तो असला म्हणजे?"

"तो असला तर त्याचं नाव नसेल का वर?"

मार्कोनीला कळत असेल, असं तिला वाटलं असणार.

आधी मी एकेक डोमेन बंद करत होतो. डोमेन म्हणजे पत्त्याचं शेपूट. एक कापलं की दुसऱ्या दिवशी नवं फुटे. फोनवर अडवलेला चोर टॅबवरून आत येई. पंधरा दिवसांत माझं डोकं फिरलं. मग मी थेट मूळ खात्यातच नियम बसवला, म्हणजे तिन्ही यंत्रांना एकच कुलूप. यादीत ज्यांचे पत्ते आहेत तेवढेच आत येतील. यादीत तिची बहीण, डॉक्टर, औषधवाला, चर्चचे पाद्री आणि इसिदोरचा जुना पत्ता. बाकी जे येईल ते आल्याआल्या पुसायचं, कायमचं. केराच्या डब्यातही ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तिनं तिथेही जाऊन दाबलं असतं.

यंत्रं गप्प झाली. कलिरोईनं मला बदामाचा हलवा करून घातला, आणि मीही कॉफीच्या दुकानात दोन दिवस छाती काढून बसलो.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी समोरच्या सामुद्रधुनीतून एक मालवाहू जहाज गेलं आणि त्यानं तीनदा भोंगा दिला. आमच्या गावचा माणूस जहाजावर असला की कॅप्टन असा भोंगा देतो, आणि घरचे लोक गच्चीवर पांढरी चादर घेऊन हलवतात. त्या दिवशी एकाही गच्चीवर चादर दिसली नाही. जहाजानं पुन्हा तीनदा भोंगा दिला. मी आणि कलिरोई तिच्या अंगणात शेंगा सोलत होतो.

"कुणाचं गं हे?" मी विचारलं.

"असेल कुणा नशीबवान बाईचं. घरातले झोपलेत मेले," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

नोव्हेंबरात पलीकडच्या गावचा पांडेलिस सुट्टीवर बेटावर आला. तो त्याच जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. कॉफीच्या दुकानात माझ्यासमोर बसला आणि हळूच म्हणाला, "मार्कोनी, म्हातारीचं काळीज दगडाचंच की रे. इसिदोरनं आठवडाभर आधी तिला लिहून कळवलं होतं. अमुक दिवशी जातोय, माफ केलं असशील तर चादर दाखव, पिरेयस बंदरात उतरून घरी येतो. नाही दिसली तर समजेन. कॅप्टनला दुसऱ्यांदा भोंगा द्यायला यानंच हातापाया पडून लावलं. दुर्बीण लावून उभा होता, बेटाचं टोक मागे पडेपर्यंत."

"लिहिलं कुठून त्यानं?"

"जहाजाच्या मेलवरून. आम्हाला वेगळं इंटरनेट कुठलं?"

जहाजाची मेल म्हणजे खलाशाचं नाव नाही. जहाजाचं सांकेतिक नाव, चार आकडे आणि कुठल्यातरी उपग्रह कंपनीचं शेपूट. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं मी स्वतः लोकांच्या पोरांचे निरोप जहाजाच्याच नावानं पाठवत होतो. तरी मी तिला 'त्याचं नाव नसेल का' म्हणालो. जोड्यानं मारायला हवं होतं मला.

इसिदोर सिंगापूरला उतरला, पुढे कुठे गेला ते पांडेलिसला माहीत नव्हतं. जहाज भंगारात निघालं होतं. त्या पत्त्यावर मी लिहिलं ते तसंच परत आलं.

मी कलिरोईला सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. ती टेबलावरचे पावाचे तुकडे बोटानं गोळा करत राहिली.

"उघड सगळं," एवढंच म्हणाली.

मी कुलूप काढलं. आता रोज तीन-चारशे मेल येतात. रोज दुपारी मी त्या तिला एकेक करून वाचून दाखवतो, केसांच्या तेलासकट. एकही गाळू देत नाही.

परवा एक आली. 'आई, माझा फोन मोडला, हा नवा पत्ता. इथेच लिही.' खाली नाव नाही. तो पत्ता मी ओळखला. पहिल्याच आठवड्यात अडवलेल्यांतला होता.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"कलिरोई, हा तो नाही. हे चोर आहेत. शंभर बायकांना हेच पाठवतात."

"कोण चोर ते मागच्या खेपेलाही तूच ठरवलंस."

मी उत्तराची चौकट उघडली.

"लिही," ती म्हणाली. "लिही, बाळा, मी चुकले. तुझ्या बापानं शेवटी तुझंच नाव घेतलं होतं, मी तुला सांगितलं नाही. तू ये."

मी लिहिलं आणि पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. बारीक अक्षरांत कार्डाचा नंबर मागितला होता, आणि मागचे तीन आकडे.

ती खुर्ची ओढून अगदी जवळ आली. "काय म्हणतो?"

"'आई' म्हणतो," मी म्हणालो.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."