इतवारचा तास

सातवीच्या वर्गातून आवाज येत होता, आणि आज तर इतवार होता.

हिंमतराव व्हरांड्यातच थबकले. निजामाच्या काळची जुम्म्याची सुट्टी जाऊन इतवारची आली त्याला दोन वर्षं होत आली, तरी इतवारी त्यांचे पाय आपसूक शाळेकडं वळायचे. आज मात्र ते चुकून आले नव्हते. "हेडमास्तर झालात, पण तुम्हाला घास गोड लागंना," असं त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांना घरात बसवेना.

काल बाबामियाँ भूमिती शिकवत होते. जन्मभर उर्दूतून शिकवलेलं, आता हुकूम मराठीचा. तोंडून 'मुसल्लस' गेलं आणि हिंमतराव दारातून बोलून गेले, "त्रिकोण म्हणा, मास्तर."

पोरं खदखदून हसली. हिंमतरावांना ज्यांनी हात धरून पहिली रेघ ओढायला शिकवली, त्या म्हाताऱ्यानं खडू खाली ठेवला.

"सोमवारी तपासनीस येनार ना, साहेब? दुसरा मास्तर बघा. म्या काय येत न्हाय."

ते 'साहेब' रात्रभर कानात राहिलं होतं.

हिंमतरावांनी दारातून डोकावलं. रिकाम्या बाकांपुढं बाबामियाँ उभे होते. शेरवानीच्या बाहीला खडू लागला होता. खिडकीतून आलेली चिंचेची सावली फळ्यावर हलत होती आणि त्रिकोण पाण्यात पडल्यासारखा थरथरत होता. क्षणभर सगळे बाक भरलेले वाटले. त्यातच कुठं तरी दहा वर्षांचा हिंमतही.

"कोन? साहेब?"

"इतवार आहे हे ध्यानातच राहिलं नाही, मास्तर."

"माझ्या बी."

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

"चालू द्या," म्हणत हिंमतराव शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

"हा काटकोन. आन् त्याच्या समोरची ही बाजू... ही..."

खडू रेघेवर थांबला. शब्द हिंमतरावांच्या जिभेवर आला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाहेर होला घुमत होता. हेडमास्तर म्हणजे चारचौघांत खणखणीत बोलणारा माणूस, असं त्यांना वाटायचं, आणि म्हणूनच आपण त्या खुर्चीला शोभत नाही असंही. पण इतकं अवघड काम त्या खुर्चीत बसून त्यांनी अजून केलं नव्हतं.

"वतर... न्हाय न्हाय. कर्ण. व्हय का न्हाय?"

"व्हय, मास्तर."

बाबामियाँनी चष्म्यावरून पाहिलं.

"मग मागं का बसलास रे, हिंमत? पैल्यापास्नं मागंच दडतोस. पुढं ये. उद्या तो तपासनीस इचारंल, आज तू इचार."

हिंमतराव उठून पहिल्या बाकावर गेले. बाक इवलासा, गुडघे मावेनात. खिशात शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो वाजू नये म्हणून त्यांनी तो तास संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला.